रेशनच्या तांदळातलं ‘प्लास्टिक’

भाताचा गोळा वळायचा, जमिनीवर आपटायचा आणि तो उसळला की ओरडायचं, “बघा, प्लास्टिक!” हा व्हिडिओ मोबाइलवर आला नाही असं घर कुडाळ-सावंतवाडीकडे विरळाच. मग सुपातले गुळगुळीत, जरा वेगळ्या रंगाचे दाणे वेचून कोंबड्यांपुढे जातात. धुताना तरंगलेले पाण्याबरोबर ओतले जातात. “ह्यो तांदूळ पोरांका घालू नको,” आजी बजावते.

दाणा शेतात पिकलेला नाही, एवढं आजीने बरोबर ओळखलं. हा ‘फोर्टिफाइड’, म्हणजे वरून पोषणद्रव्यं घातलेल्या तांदळातला दाणा. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात, ओलावा आणि उष्णता देऊन ते यंत्रातून दाबतात आणि सोऱ्यातून शेव पाडावी तसे दाणे पाडून वाळवतात. साध्या तांदळात ते शंभराला एक या प्रमाणात पडतात, म्हणजे किलोत १० ग्रॅम. किलोमागे घातलेलं २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह त्या १० ग्रॅममध्येच असतं. ते वेचून टाकले की उरला साधा तांदूळ.

आता उसळण्याचं. कच्च्या दाण्यात स्टार्चचे रेणू घट्ट, स्फटिकासारखे रचलेले असतात. पाण्यात तापवलं की ही रचना विरघळते, कण फुगतात आणि अमायलोज नावाची लांब साखळी बाहेर पडते. निवताना या साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात. त्यांच्या जाळ्यात पाणी अडकतं आणि गोळा लवचीक होतो. कुठल्याही भाताचा घट्ट गोळा थोडाफार उसळणारच. यंत्रात पिठाचं हेच होतं, शिवाय आत बारीक पोकळ्या राहतात, म्हणून दाणा तरंगतो. आणि आपला उकडा तांदूळ? शेतातलं भात भिजवून सालासकट उकडलं की स्टार्च दाण्याच्या आतच शिजतं, कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वं आत सरकतात. ज्या घरात रोज उकड्याची पेज होते, त्या घराने या दाण्याला घाबरावं, ही गंमतच. शिवाय प्लास्टिक तांदळाहून महाग; तोट्यात भेसळ कोण करेल?

याचा अर्थ हा तांदूळ रक्तक्षयावर रामबाण आहे असाही नव्हे. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे (२०१९-२१). त्यात लोहाची कमतरता हे एकच कारण नाही, आणि जेवणावर लगेच कोरा चहा घेतला तर लोह शरीरात नीट शोषलंही जात नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. सरकारी योजनांतला सगळा तांदूळ २०२४ पर्यंत असा करण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून झाली. ज्याच्या ताटात तो पडणार, त्याला मात्र कुणी समजावून सांगितलं नाही. दुकानात वाण्याला चार प्रश्न विचारता येतात, रेशनच्या रांगेत विचारलं तर “फुकट मिळतंय ना?” हे ऐकावं लागतं. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाने लोहयुक्त अन्न डॉक्टरांना विचारूनच घ्यावं आणि सिकलसेल हा तसाच आजार असलेल्याने टाळावं, अशी सूचना पाकिटावर हवी, असं २०१८ च्या नियमांत होतं. त्या सूचनेच्या गरजेवर तज्ज्ञांत मतभेद आहेत, ते असोत. पण पिशवीत सुटा मापून घेतलेल्या तांदळाला पाकीट कुठलं? दुकानाच्या फळ्यावर माणशी किती किलो ते लिहितात, त्याखाली आणखी दोन ओळी सहज मावल्या असत्या.