हास्य-करुण कथा (चित्रपट व मालिका)

हसू आणि आसू एकाच प्रसंगातून उपजतात, अशा चित्रपट-मालिकांचा प्रकार. मराठीत त्याला एकच रुळलेला शब्द नाही. कुणी ‘ड्रामेडी’ म्हणतो, जाहिरातीत ‘कौटुंबिक विनोदी’ असे सोयीचे बिरुद लागते आणि प्रेक्षक ‘हसवता हसवता रडवलं’ म्हणून मोकळे होतात.

जुन्या साहित्यशास्त्राला हा शेजार मानवत नव्हता. ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत ग्रंथात करुण हा हास्याचा विरोधी रस सांगितला आहे. मराठी रंगभूमीने ते फारसे मनावर घेतले नाही. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी १९७८ साली उभे राहिलेले रंगायतन ज्यांच्या नावाचे, त्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सिंधूच्या संसाराची राखरांगोळी होत असताना तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ खुशाल भरते. तरी ते नाटक या प्रकारात पुरते बसत नाही. हसायचे प्रवेश बहुतांशी वेगळे, रडायचे वेगळे. तळीराम विंगेत गेला की हसूही त्याच्यामागून जाते.

खरी कसोटी इथेच आहे. विनोद काढून टाकला तर दुःख तसेच उरते का? राजेश मापुस्कर यांच्या ‘व्हेंटिलेटर’मध्ये (२०१६) उरत नाही. गणपती तोंडावर आलेले, गजूकाका अतिदक्षता विभागात आणि बाहेर नातेवाइकांची जत्रा. त्यांचे मानपान आणि कुजबुज हीच गंमत, आणि तीच त्या घराची जखम. या चित्रपटाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दूरचित्रवाणीवर प्रश्न आवाजाचा असतो. कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरच्या ‘मॅश’ (१९७२–८३) या अमेरिकी मालिकेला वाहिनीने ध्वनिमुद्रित हशा चिकटवला होता, पण शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तो वाजवायचा नाही, ही अट निर्मात्यांनी मान्य करून घेतली. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्कारांनी २०१५ मध्ये वर्गवारीसाठी घड्याळच हाती घेतले, ते २०२१ पर्यंत: अर्ध्या तासाची ती विनोदी, तासाभराची ती नाट्यमय. अपवादासाठी अर्ज करावा लागे. कारकुनी तोडगा, दुसरे काय!

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या पट्ट्यात चित्रित होणाऱ्या रोजच्या मराठी मालिकांत ध्वनिमुद्रित हशा सहसा नसतो. ते काम पार्श्वसंगीत करते. विसरभोळी आत्या दारात आली की टुणटुण वाजते, सासू वळली की ढोल, आणि स्वयंपाकघरातल्या प्रेक्षकाला कढईवरून मान वर न करताही कळते की आता हसायचे आहे.