केमोआधी वयस्कर माणसाचं काय काय मोजावं

सत्तरी ओलांडलेल्या कॅन्सर रुग्णाच्या फाइलीत बायोप्सी असते, सीटी असतो, रक्ताचे रिपोर्ट असतात. आंघोळ स्वतःची स्वतः होते का, तीन महिन्यांत वजन किती उतरलं, वर्षभरात कितीदा पडणं झालं, हे मात्र बहुधा कुठंच लिहिलेलं नसतं. आणि केमो झेपेल का, हे आधारकार्डावरच्या वयापेक्षा याच गोष्टींवरून जास्त कळतं. ‘आता या वयात कशाला’ म्हणून उपचार टाळणं जितकं चूक, तितकंच पन्नाशीच्या माणसाचा डोस डोळे झाकून देणंही चूक.

२०२१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ७१८ रुग्णांचा अभ्यास छापून आला. सगळे सत्तर किंवा त्याहून मोठे, आजार पसरलेला. ज्यांच्या डॉक्टरांना चाल, वजन, रोजची कामं अशा गोष्टींच्या तपासणीचा अहवाल आणि शिफारशी दिल्या होत्या, त्यांच्यात गंभीर दुष्परिणाम ५१ टक्क्यांना झाले. बाकीच्यांत ७१ टक्क्यांना. अनेकांचा डोस सुरुवातीलाच कमी ठेवला होता, तरी सहा महिन्यांनी जगण्याच्या प्रमाणात ठळक फरक नव्हता.

सुरुवात ‘जी-८’ या आठ मुद्द्यांच्या चाळणीनं करतात. एकूण गुण १७. १४ किंवा त्याहून कमी आले की सविस्तर तपासणी करायची. त्यात चाल बघतात: खुर्चीवरून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंदांच्या वर वेळ लागला तर पडण्याचा धोका धरतात. पायात रोजचीच चप्पल, हातात रोजचीच काठी हवी. नातेवाईक प्रेमानं दंड धरतात आणि चाचणी वाया जाते.

रोजच्या कामांचे प्रश्न इथल्या घराला जुळवून विचारावे लागतात. आयुष्यभर चुलीपुढं न बसलेल्या आजोबांना ‘स्वयंपाक करता का’ विचारून काहीच कळत नाही. डेअरीत दूध घालायला स्वतः जातात का, एसटीनं एकटे तालुक्याला जातात का, बँकेतून पेन्शन कोण काढतं, हे विचारा. सहा महिन्यांपूर्वी करत होते आणि आता सोडलं, असं काय? सगळ्यात उपयोगी उत्तर याच प्रश्नाचं असतं. पुण्याला राहणाऱ्या मुलापेक्षा ते घरातल्या सुनेला नेमकं ठाऊक असतं.

स्मरणासाठी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात आणि घड्याळ काढून घेतात; ५ पैकी ३ पेक्षा कमी गुण आले तर पुढं तपासतात. पण शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजींना घड्याळ काढता आलं नाही, म्हणून विसरभोळेपणा ठरवू नये. ऐकू कमी येतं का, तेही आधी बघावं.

सगळ्यात सहज निसटतं ते मूत्रपिंडाचं काम. ७६ वर्षांच्या, ४२ किलोच्या आजींचं क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) १.० आलं की रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहून येतं. आता हिशेब करा: १४० मधून वय वजा करून ६४, गुणिले ४२, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), बाईमाणूस म्हणून वर गुणिले ०.८५. उत्तर येतं मिनिटाला जेमतेम ३२ मिलिलीटर; मूत्रपिंड किती रक्त गाळतं, त्याचा हा अंदाज. स्नायू झिजल्यामुळं क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, त्यामुळं आकडा फसवतो. इतक्या कामावर कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांचा डोस साधारण पाऊण करतात; ३० च्या खाली त्या देतच नाहीत.

घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा; आयुर्वेदिक काढे, झोपेच्या गोळ्यासुद्धा. उलट्यांमुळं जेवण तुटतं, पण मधुमेहाची ग्लिमेपिराइड सुरूच राहते आणि साखर एकदम खाली जाते. उलट, उलटी थांबवायला दिलेल्या डेक्सामेथासोननं ती चढतेही.

जेवणात रोज किलोमागं १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोला ५० ते ७५ ग्रॅम. ताकद यावी म्हणून नुसता पांढरा रस्सा वाटीवाटीनं पाजतात. पण प्रथिनं मुख्यतः त्यातल्या मटणात असतात. चावता येत नसेल तर खिमा, अंडी (एकात सुमारे ६ ग्रॅम), दूध, घट्ट वरण द्यावं.

शेवटचा प्रश्न रात्रीचा. केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर सकाळची वाट बघायची नसते. वयस्करांना कधी ताप येतच नाही, नुसती गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसतं. तेव्हा गाडी कुणाची, सोबत कोण, दवाखाना कुठला, हे आधीच लिहून ठेवा. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेच्या पुरानं रस्ते दिवसच्या दिवस बंद होते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये केमो असेल, तर पुराच्या पट्ट्यातल्या रुग्णाची शहरात पाव्हण्यांकडं राहायची सोय पहिल्या डोसाआधीच लावावी.