गृहकर्ज थकलं आणि ६० दिवसांची नोटीस आली: इंदूरच्या घरमालकाने कधी काय करायचं

घर तारण असेल तर बँक कोर्टाची पायरी न चढता ते विकू शकते. २००२ च्या सरफेसी कायद्याने तिला हा अधिकार दिला आहे, आणि याच कायद्याच्या कलम ३४ मुळे इंदूरच्या दिवाणी कोर्टातून स्टे आणायचा रस्ता जवळपास बंद आहे. मात्र कर्जदारालाही काही हक्क आहेत. प्रत्येक हक्काला मुदत आहे आणि घोटाळा होतो तो बहुतेक मुदतीतच.

नोटिशीच्या आधी

थकबाकी ३० दिवसांपर्यंत असते तोवर खातं एसएमए-० (एसएमए म्हणजे बँक खास लक्ष ठेवते असं खातं), ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२ आणि त्यापुढे एनपीए, म्हणजे थकीत ठरवलेलं कर्ज. हप्ता कमी करून मुदत वाढवून मागायची तर ती एसएमएच्या काळातच, लेखी अर्ज देऊन पोच घेऊन. एनपीए झाल्यावर फाइल वसुली विभागाकडे जाते आणि ओळखीच्या शाखा व्यवस्थापकाच्या हातात फारसं काही राहत नाही. तीन-चार हप्ते थकले असताना एक भरला की खातं सुटतं, ही समजूतही चुकीची आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२१ च्या खुलाशाप्रमाणे मुद्दल आणि व्याजाची संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय एनपीए खातं पुन्हा नियमित होत नाही.

कायदा कोणाला लागू नाही

कलम ३१ मध्ये सूट आहे. तारण शेतजमीन असेल, तारण १ लाखापर्यंतच्या रकमेचं असेल, किंवा येणं मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी उरलं असेल, तर सरफेसी चालत नाही. पंधरा वर्षं हप्ते भरून शेवटी अडकलेल्यांनी ही २० टक्क्यांची अट आधी तपासावी. शेतजमिनीच्या सुटीवर मात्र भिस्त ठेवू नका. शहराबाहेरच्या कॉलन्यांत डायव्हर्शन न झालेल्या, म्हणजे कागदोपत्री बिगरशेती न केलेल्या प्लॉटवर घरं उभी आहेत. खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, जमीन शेतीची दिसली तरी प्रत्यक्ष वापर काय, हे पाहिलं जातं.

६० दिवसांची नोटीस: कलम १३(२)

नोटिशीत येणं किती आणि तारण कोणतं याचा तपशील हवा. सहकर्जदाराला आणि जामीनदारालाही ती जाते. रजिस्टर्ड पोस्ट परत पाठवून काही साधत नाही, कारण बँक दारावर नोटीस डकवून दोन वर्तमानपत्रांत छापते आणि ती बजावली गेली असं धरलं जातं. नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही.

याच ६० दिवसांत कलम १३(३अ) खाली लेखी हरकत द्यायची असते. बँकेला ती विचारात घ्यावी लागते आणि मान्य नसेल तर १५ दिवसांत कारणांसह कळवावं लागतं. बरेच जण इथे "नोकरी गेली, मुलांचं शिक्षण आहे, सहकार्य करावे" असं पत्र देतात. त्याचं उत्तर एका ओळीत येतं. हरकत आकड्यांवर घ्या:

- खात्याचा पूर्ण उतारा आणि एनपीएची तारीख मागा. शेवटचे हप्ते कधी जमा झाले ते पासबुकाशी ताडून ९० दिवस खरोखर भरले का ते मोजा.
- दंडाची रक्कम वेगळी काढा. २०२४ पासून दंड हा शुल्क म्हणून घ्यायचा आहे, व्याजदरात मिसळून नाही, आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.
- नोटिशीतलं घराचं वर्णन रजिस्ट्रीशी जुळतं का पाहा: प्लॉट नंबर, चतुःसीमा, क्षेत्रफळ.
- तारण सरसाईकडे, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदणी संस्थेकडे, नोंदवलेलं आहे का विचारा. जानेवारी २०२० पासून या नोंदणीशिवाय बँकेला सरफेसीखाली वसुली करता येत नाही.
- फेडीचा प्रस्ताव द्यायचाच तर रक्कम आणि तारखा घालून द्या.

हरकत नोटिशीवर सही करणाऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. नुसत्या या नोटिशीवर किंवा हरकत फेटाळल्यावर डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येत नाही. पण पुढे तिथे जाल तेव्हा हेच पत्र सर्वात उपयोगी पडतं.

ताबा नोटीस आणि ४५ दिवस

६० दिवस उलटले की बँक ताबा नोटीस दारावर लावते आणि ७ दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापते. त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, म्हणजे इंदुरात हिंदी. घरी फक्त मराठी अंक येत असेल तर ती जाहिरात नजरेतून सुटते. हा प्रतीकात्मक ताबा. घरात तुम्हीच राहता, म्हणून लोक निर्धास्त असतात, आणि इथेच घात होतो. बँकेच्या कारवाईविरुद्ध डीआरटीत करायच्या कलम १७ खालच्या अर्जाची ४५ दिवसांची मुदत इथूनच मोजली जाते. प्रतीकात्मक ताब्यावरही अर्ज चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मध्य प्रदेशासाठी डीआरटी जबलपूरला आहे. फी येण्याच्या रकमेवर: १० लाखांच्या आत दर लाखाला किंवा त्याच्या भागाला ५०० रुपये; येणं १० लाख किंवा जास्त असेल तर ५,००० अधिक १० लाखांपुढच्या दर लाखाला किंवा भागाला २५० रुपये, कमाल १ लाख. म्हणजे १७ लाख ४० हजार येणं असेल तर ७,००० रुपये. कर्जदार नसलेल्या बाधित व्यक्तीला, उदाहरणार्थ घरातल्या हिस्सेदाराला, फी कमी आहे.

सोबत जोडायचे कागद: मंजुरीपत्र, कर्ज करार, खाते उतारा, १३(२) ची नोटीस व लिफाफा, हरकतीची प्रत व पोस्टाची पावती, बँकेचं उत्तर, ताबा नोटीस व वर्तमानपत्राचं कात्रण, रजिस्ट्री, संपत्तिकराची पावती, ओळखपत्र, शपथपत्र, वकीलपत्र. स्थगितीसाठी वेगळा अर्ज लागतो, आणि थोडी रक्कम भरायची तयारी ठेवूनच जा. रिकाम्या हाताने गेलेल्याला स्थगिती क्वचितच मिळते.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत अर्ज करते. तिथे कर्जदाराची सुनावणी नसते. बँकेला नऊ मुद्द्यांचं शपथपत्र द्यावं लागतं आणि तुमच्या हरकतीला उत्तर दिलं हा त्यातला एक मुद्दा आहे. उत्तर दिलंच नसेल तर शपथपत्राची प्रत मिळवून तीच डीआरटीपुढे ठेवा.

लिलाव

विक्रीआधी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घेऊन राखीव किंमत ठरते, आणि कर्जदाराला ३० दिवसांची विक्री नोटीस मिळते. किंमत कलेक्टर गाइडलाइनपेक्षा, म्हणजे त्या भागातल्या मालमत्तेच्या सरकारी दरापेक्षा, खाली दिसली तर लगेच लेखी हरकत घ्या, शेजारच्या अलीकडच्या रजिस्ट्रीची नक्कल जोडून.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळं येणं खर्चासह भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. पूर्वीसारखा विक्रीच्या दिवसापर्यंत नाही. तेव्हा विक्री नोटिशीच्या ३० दिवसांत पैसे उभे करू, असा हिशेब मांडू नका. त्याआधीच बँकेकडून अमुक तारखेपर्यंतचा आकडा लेखी घ्या आणि आरटीजीएसने भरा. विक्रीतून खर्च आणि येणं वजा जाऊन उरलेली रक्कम तुमची. ती लेखी मागा. कमी पडलं तर बाकीसाठी बँक पुन्हा तुमच्या मागे लागू शकते.

वसुलीवाले आणि तडजोड

वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. धमकी, नातेवाइकांना फोन, शेजाऱ्यांसमोर तमाशा, याची तारीख-वेळेसह तक्रार आधी बँकेकडे करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस या तक्रार पोर्टलवर. मदत क्रमांक १४४४८. तोच वाद डीआरटीत असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही.

ओटीएस, म्हणजे ठरलेली रक्कम भरून एकरकमी तडजोड, केलं तर पत्रात एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि डीआरटी व कलेक्टरकडचे अर्ज मागे घेण्याची अट लिहून घ्या. एक तारीख चुकली की बहुतेक ओटीएस रद्द होतात. सिबिलवर खातं 'सेटल्ड' दिसेल, 'क्लोज्ड' नाही, हेही धरून चाला. पैसे पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आहेत. बँकेमुळे उशीर झाला तर रोज ५,००० रुपये भरपाई. सरसाईवरचा बोजा उतरल्याची नोंदही त्याच वेळी मागून घ्या.