कारुसोचा आवाज आणि मेणाची तबकडी

इटालियन ऑपेरा गायक एनरिको कारुसो १९२१ मध्ये गेला आणि विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये आलं. म्हणजे त्याचा जो काही आवाज आपल्यापर्यंत पोहोचला, तो सगळा मायक्रोफोनशिवाय, पत्र्याच्या कर्ण्यातून मेणात कोरलेला. तरीही टेनर, म्हणजे पुरुषांच्या उंच पट्टीचा गायक, म्हटलं की शंभर वर्षांनंतरही पहिलं नाव त्याचंच निघतं. त्यात त्याच्या गळ्याच्या घडणीचा वाटा आहे, तसा त्या यंत्राच्या मर्यादांचाही आहे.

टेनरची हुकमी पल्लेदारी साधारण दोन सप्तकांची. हार्मोनियमवरच्या मधल्या सप्तकाची पांढरी एक धरली, तर तिच्या एक सप्तक खालपासून एक सप्तक वरपर्यंत. त्या वरच्या टोकाच्या स्वराला 'हाय सी' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गायक तो हलक्या, पातळ आवाजात लावत. १८३७ मध्ये पॅरिसला रोसिनीच्या 'विल्यम टेल' या ऑपेरामध्ये जिल्बेर ड्युप्रेने तो छातीच्या भरीव आवाजात लावला. रोसिनीला स्वतःला तो प्रकार रुचला नाही, पण प्रेक्षकांनी उचलून धरला, आणि पुढच्या प्रत्येक टेनरकडून तीच अपेक्षा होऊ लागली.

अडचण वरच्या टोकाच्या बरीच आधी, मधल्या सप्तकाच्या ग-म-प या पट्ट्यात येते. खालचा भरीव आवाज तसाच रेटत वर नेला की गळा आवळतो, स्वर उतरतो किंवा फाटतो. इटालियन गायक तिथे स्वरयंत्र खाली ठेवतात आणि 'आ'कार किंचित 'ओ'कडे झुकवून झाकून घेतात. ही सांधेजोड बेमालूम व्हायला वर्षं लागतात.

२५ फेब्रुवारी १८७३ रोजी नेपल्समध्ये जन्मलेल्या कारुसोला हे निसर्गतः मिळालेलं नव्हतं. त्याचा आवाज खाली दाट, जवळजवळ बॅरिटोनसारखा, म्हणजे टेनरहून खालच्या पुरुषी आवाजासारखा. वर मात्र सुरुवातीला फुटायचा. गुल्येल्मो व्हेर्जिने या शिक्षकाने त्याला जोर न लावता गायला शिकवलं, आणि फीऐवजी पाच वर्षांच्या कमाईतला चौथा हिस्सा लिहून घेतला. करारातली पाच वर्षं प्रत्यक्ष गायलेल्या दिवसांची धरायची होती, त्यामुळे पुढे कज्जा उभा राहिला. १५ मार्च १८९५ ला नेपल्समध्ये तो प्रथम रंगमंचावर आला. वरचे स्वर पक्के झाले ते त्यानंतर, संगीत संचालक व्हिन्चेन्झो लोम्बार्दीच्या हाताखाली. तरी 'हाय सी' हा त्याचा हुकमी एक्का कधीच नव्हता; 'ला बोएम' या ऑपेरातलं प्रसिद्ध पद तो अनेकदा अर्धा स्वर उतरवून गाई. त्याची खरी दौलत होती मधल्या सप्तकातला भरणा आणि न तुटणारा श्वास.

११ एप्रिल १९०२ रोजी मिलानच्या एका हॉटेलात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग याने त्याची दहा पदं ध्वनिमुद्रित केली, मोबदला १०० पौंड. साथीला फक्त पियानो, तोही कर्ण्याच्या पातळीला यावा म्हणून उंचावर चढवलेला. (याच गायसबर्गने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात गौहर जानचा आवाज घेतला.)

तंत्र असं. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. कोरायला लागणारी सगळी ताकद गायकाच्या हवेतूनच यायची. यंत्र ढोबळमानाने १७० ते २५०० हर्ट्झ एवढंच पकडायचं. टेनरचा 'हाय सी' ५२३ हर्ट्झचा. त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट उपस्वरही (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) या खिडकीत बसतात, म्हणून आवाजाचा पोत टिकतो. सोप्रानोचा, म्हणजे उंच पट्टीच्या गायिकेचा, 'हाय सी' १०४६ चा. तिथे एकच उपस्वर उरतो आणि आवाज शिट्टीसारखा पोकळ लागतो. व्हायोलिन इतकी क्षीण यायची की कर्णा बसवलेली खास व्हायोलिन वापरत आणि डबल बास या खर्जाच्या तंतुवाद्याचं काम ट्यूबा या फुंकवाद्यावर भागवत. गायकाने तार स्वराला मागे सरकायचं, हलक्या जागेला पुढे. चुकलं तर सुई खाच सोडून उसळायची आणि चकती वाया. दहा इंची तबकडीला तीन मिनिटं, बारा इंचीला चारच्या आसपास. आपल्या नाट्यपदांनाही पुढे हाच मिनिटांचा हिशेब सांभाळावा लागला.

२३ नोव्हेंबर १९०३ ला 'रिगोलेट्टो'मधून तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये उतरला आणि अठरा मोसमांत तिथे आठशेहून अधिक प्रयोग केले. १९०९ मध्ये स्वररज्जूवरची गाठ काढावी लागली. त्यानंतरचा आवाज अधिक गडद आहे. १९०४ आणि १९०७ ची 'पाल्याच्ची' ऑपेरातल्या एकाच पदाची मुद्रणं ऐकून मग १९१५ नंतरचं काहीही लावा, फरक लगेच कळतो. ११ डिसेंबर १९२० ला ब्रुकलिनमध्ये गाताना तोंडातून रक्त आलं, प्रयोग थांबला. २४ डिसेंबरला 'ला झ्वीव्ह' हा शेवटचा प्रयोग. मग छातीत पू, अनेक शस्त्रक्रिया, आणि २ ऑगस्ट १९२१ ला नेपल्समध्येच मृत्यू. वय ४८.

१९३० च्या दशकात त्याच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने जुन्या आवाजावर नवा वाद्यवृंद चढवला. त्या आवृत्त्या टाळाव्यात. नवी वाद्यं त्याचा श्वासच झाकतात. पियानोच्या साथीची १९०४ ची मुद्रणं आधी ऐकावीत. वेगही तपासावा, कारण मिनिटाला 'सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर फेरे' हा आकडा तेव्हा कटाक्षाने पाळला जात नसे. वेग सहा टक्क्यांनी वाढला की पद अर्ध्या स्वराने चढतं आणि कारुसोचा दाट आवाज कोवळा, घाईचा वाटू लागतो. छापील स्वरलिपीतली पट्टी पियानोवर धरून, शेवटचा लांब स्वर तिच्याशी जुळेपर्यंत फेरे कमी-जास्त करावेत. मात्र त्याने पद उतरवून गायलं असेल तर अर्ध्या स्वराची सूट आधीच द्यावी.