जेसी संपामुळे वाचला नाही

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन टीव्ही मालिकेवर वाद पेटला की कोणीतरी हमखास हे सांगतंच: लेखकांचा संप झाला म्हणून त्यातला जेसी पिंकमन वाचला, नाहीतर पहिल्याच सीझनमध्ये गेला असता.

यातलं अर्धं खरं. मालिकेचा कर्ता विन्स गिलिगन याच्या मनात जेसीला पहिल्या सीझनअखेर मारायचं होतं. 5 नोव्हेंबर 2007 ला हॉलिवूडच्या लेखकांनी संप पुकारला आणि 9 भागांचा सीझन 7 भागांतच आटोपला, हेही खरं. पण जेसीचा निकाल त्याआधीच लागला होता. दुसऱ्या भागापर्यंतच जेसी साकारणाऱ्या ॲरन पॉलचं काम बघून त्याला घालवणं ही घोडचूक ठरेल हे कळून चुकलं होतं, असं खुद्द गिलिगननेच सांगितलंय.

आणि जेसी नसता तर मालिकेच्या नायकाने, त्याच्या जुन्या मास्तराने, म्हणजे वॉल्टरने टोमणे मारायचे कुणाला? जुन्या विद्यार्थ्यावर मास्तरकी गाजवणारा तो माणूस तिथेच तर उघडा पडतो.

संपाची कथा चटपटीत आहे, म्हणून फिरते. पॉलला याच भूमिकेसाठी 2010, 2012 आणि 2014 मध्ये एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं. ते काही संपाने दिलं नाही.