सोलापुरातून ऑनलाइन चादरी विकताय? जीएसटी नोंदणी कधी लागते, कागद कोणते

फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. ऑनलाइन विक्रीत मात्र आकड्याआधी पार्सल कुठं निघालंय ते बघा. पुण्याला गेलं तर राज्यातली विक्री. अक्कलकोट ओलांडून कलबुर्गीला गेलं की आंतरराज्य, आणि प्लॅटफॉर्मवरून तसा माल विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी सक्तीची. कर्नाटकच्या सीमेला खेटलेल्या आपल्या जिल्ह्यात ही सवलत बऱ्याचदा कागदावरच राहते.

फक्त महाराष्ट्रात विकणार असाल तर 1 ऑक्टोबर 2023 पासून मर्यादेच्या आत नोंदणीशिवायही प्लॅटफॉर्मवर माल विकता येतो. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅन आणि पत्ता देऊन एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. त्याआधी विक्री सुरू करता येत नाही.

नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म आरईजी-01. सरकारी फी शून्य. पॅन, आधार, फोटो, आधारला जोडलेला मोबाइल आणि धंद्याच्या जागेचा पुरावा लागतो. घर स्वतःचं असेल तर महावितरणचं बिल किंवा महापालिकेची करपावती चालते. भाड्याचं असेल तर सोबत भाडेकरार, वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र. अर्ज अडतात ते बहुधा इथंच: बिलावर एक पत्ता, अर्जात दुसरा. जागा तपासायची ठरली तर 30 दिवसही लागू शकतात. बँक खात्याचा तपशील नोंदणीनंतर 30 दिवसांत भरायचा. पुढे विक्री नसली तरी रिटर्न भरावंच लागतं.

ऑनलाइन दुकानाला ना पाटी, ना गल्ला. अधिकारी धाड टाकणार कुठं? म्हणून सरकारनं वसुलीचा एक भाग प्लॅटफॉर्मवरच सोपवला. नोंदणीकृत विक्रेत्याच्या करपात्र विक्रीतून परत आलेला माल वजा करून उरलेल्या रकमेवर ते 0.5 टक्के टीसीएस, म्हणजे तुमच्या पैशातून आधीच वळता केलेला कर, कापतात (10 जुलै 2024 पूर्वी 1 टक्का). पोर्टलवर ही कपात स्वीकारली की रक्कम तुमच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या कर भरायच्या खात्यात, येते. अनेक जण ती स्वीकारतच नाहीत, पैसे तसेच पडून राहतात.

तुमच्या ऑनलाइन जाहिराती दाखवणाऱ्या परदेशी कंपन्यांचं प्रकरण आणखी किचकट, कारण त्यांचं इथं ऑफिसच नसतं. त्यांना ऑनलाइन जाहिरातीसाठी दिलेल्या पैशांवरचा 6 टक्के इक्वलायझेशन लेव्ही हा वेगळा कर 1 एप्रिल 2025 पासून रद्द झाला. जीएसटी मात्र आहेच. जाहिरातीचं बिल भारतीय कंपनीचं असेल तर कर त्यातच लागून येतो. परदेशी कंपनीचं असेल आणि तुमची नोंदणी असेल तर रिव्हर्स चार्जनं, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं, तो तुम्हालाच भरावा लागतो, तेव्हा बिलावरचं नाव एकदा वाचून घ्या.