सरकारवाडा, पूर आणि पुस्तकांचं वजन

गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेकचे आकडे नंतर ऐकतात, आधी खुणा विचारतात. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? नारोशंकराचं देऊळ बुडालं का? आणि सराफ बाजारात सरकारवाड्याच्या पायऱ्यांना पाणी लागलं का? यातल्या तिसऱ्या खुणेच्या आत कधीकाळी शहराचं वाचनालय होतं.

1840 साली 'नेटिव्ह लायब्ररी' म्हणून सुरू झालेली ही संस्था म्हणजे आजचं सार्वजनिक वाचनालय, बोलण्यात 'सावाना'. रत्नागिरी (1828) आणि नगर (1838) इथे अशी ग्रंथालयं आधीच निघाली होती, पुण्याचं 1848 मध्ये निघालं. ती वेळ बघण्यासारखी आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831चा, 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र 1832चं, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दिग्दर्शन' मासिक 1840चंच. छापील मराठी इतकी थोडी होती की वाचनालयाला जागा हवी ती माणसं बसायला. पुस्तकांचं काय, ती दोन-चार कपाटांत मावत. पेशव्यांचा कारभार जिथून चाले तो वाडा 1818 नंतर इंग्रज सरकारकडे आला होता, बाजारपेठेच्या मधोमध होता. त्यात ग्रंथालय आलं, सरकारी कचेऱ्याही आल्या. त्या भागाच्या पोलीस ठाण्याचं नाव अजूनही 'सरकारवाडा'च आहे.

वाचकाच्या दृष्टीने वाडा चांगलाच. काळ्या दगडाचं उंच जोतं, सागवानी खांब, आत चौक. रस्त्याकडच्या भिंती जाड, त्यामुळे बाजाराचा गलका आत कमी येतो. चौकातून येणारा उजेड सोप्यावर थेट उन्हासारखा न पडता पसरून पडतो. वर्तमानपत्र वाचायला याहून बरी जागा नाही.

घोळ होतो तो माडीवर. वाड्याची जमीन कडीपाटाची: भिंतीपासून तुळईपर्यंत सागाच्या कड्या, त्यावर पाट, पाटावर मुरूम-मातीचा थर. ही रचना माणसं, गाद्या, फार तर धान्याच्या कणग्या धरून केलेली. आजच्या भारतीय मानकांत राहत्या खोलीला दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरतात, पुस्तकांच्या साठ्याच्या खोलीला 600, आणि कपाटं 2.2 मीटरपेक्षा उंच असतील तर आणखी. तीन फुटी फळीवर तीस-पस्तीस पुस्तकं म्हणजे 18 ते 20 किलो. सहा फळ्या भरल्या की 110-120 किलो, लोखंडी कपाटाचे 40-50 वेगळे. हे सगळं चार लहान पायांवर उभं. कादंबऱ्यांच्या जागी मासिकांचे बांधीव अंक असतील तर आकडा आणखी चढतो.

म्हणून जुन्या वाड्यात कपाट ठेवायची रीत अशी: खोलीच्या मधोमध नाही, कड्यांचा टेकू असलेल्या भिंतीजवळ, कपाटाची लांबी कड्यांना आडवी, म्हणजे भार चार-पाच कड्यांवर वाटला जातो. पायाखाली जाड फळी. तरी भिंतीला चिकटवायचं नाही, सहा इंच मोकळे सोडायचे. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसायला आणि हवा खेळायला तेवढी जागा लागते. कडी मधे मोडते हे खरं, पण सहसा नाही. ती कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाला, कारण ओल तिथे येते. टोकाशी पेचकस टोचून पाहिला आणि तो सहज आत गेला, किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला, की समजावं. त्याआधीची खूण अगदी घरगुती आहे: कपाटाचं दार लावलं तरी आपोआप उघडतं. बिजागरी बिघडलेली नसते, जमीन वाकलेली असते.

यावर हमखास होणारी चूक म्हणजे ओल दिसली की सिमेंटचा गिलावा. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, मग कडीचं टोक आणखी वेगाने जातं. डांबरगोळ्यांनी कसर थोडी लांब राहते, बुरशीला त्याचं काही नाही.

तळमजल्याचा प्रश्न पुराचा. 1969चा आणि 2008चा पूर शहर विसरलेलं नाही. भिजलेलं पुस्तक फुगतं, आणि गच्च भरलेल्या फळीत फुगलेली पुस्तकं ओढून निघत नाहीत. पुठ्ठे हातात येतात, पानं फळीत राहतात. म्हणून फळी कधी ठासून भरू नये, दोन बोटं जागा ठेवावी. दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. उन्हात टाकलं की पानं वाकडी होतात, गुळगुळीत कागद तर एकमेकांना कायमचा चिकटतो. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टिपकागद घालून तो बदलत राहणं हा कंटाळवाणा पण खरा उपाय.

भार वाढत जाण्याला कायद्याचाही हात आहे. 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळू लागलं. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते, साहजिकच दाखल नोंदवहीतला आकडा खाली आणायला कोणी राजी नसतं. निर्लेखन, म्हणजे जुनी पुस्तकं नोंदीतून काढून टाकणं, पुढच्या वर्षावर जातं आणि फाटकी पुस्तकं माडीवर. गल्लीतल्या छोट्या वाचनालयांच्या माड्या अशाच वाकल्या.

सावाना पुढे टिळक पथावरच्या स्वतःच्या वास्तूत गेलं. परशुराम साईखेडकर नाट्यगृह त्याच आवारात आहे. सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक झाला. आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाने इमारतीचा प्रश्नच बाजूला ठेवला: एका पेटीत 25 पुस्तकं, वाचून झाली की पेटी बदलायची. पुस्तकांचं वजन बारा-पंधरा किलो. कुठल्याही वाड्याच्या माडीवर, अगदी मधोमध ठेवा.